कातडी आपलीच आहे

भवानी पेठ, पुणे
१४ जून २००७

मुक्ताई,

तब्येत कशी आहे असं विचारून पत्र सुरू करायची पद्धत आहे. मी विचारणार नाही, कारण तुम्ही ‘बरी आहे’ असंच लिहाल. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. चार जूनला तुम्ही आला का नाहीत?

सिस्टरने तुमचं नाव तीनदा पुकारलं. मी सांगितलं, यवतमाळहून यायचं म्हणजे गाडीला उशीर होतो, उद्या येतील. मंगळवारी आला नाहीत, बुधवारीही नाही. तुमच्या खुर्चीवर दौंडचे एक आजोबा तीन दिवस पाय पसरून बसले आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

फोन करणार होते. तुमच्या शुभंकरने नंबर दिला होता. पण माझ्या घशात पुन्हा दोन फोड आहेत, चार वाक्यं बोलले की रक्त येतं. नाहीतरी आपली ओळख लिहूनच झाली. फेब्रुवारीत त्या सरकारी दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर वीस दिवस पडलो होतो, दोघींच्या तोंडात जखमा. पाणी गिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. मग अर्शियाची बायॉलॉजीची वही आपण दोघींनी लिहून भरली. तिची बारावी होती, तरी लेकीने ओरडा केला नाही. तुमचं पहिलं वाक्य माझ्याकडे अजून आहे: ‘पंखा बंद करायला सांग, कातडी सोलल्यासारखी होऊन राहिली.’

आठवण करून देते. डॉक्टर परचुरे मॅडमनी दोघींना एकत्रच समजावलं होतं. आजाराचं नाव पेम्फिगस. रोगांशी लढायला अंगात जी फौज असते ती चुकून आपल्याच कातडीला शत्रू समजते. कातडीचे थर एकमेकांना सोडतात आणि फोड येतात. कुणाकडून आलेला नाही, कुणाला जाणार नाही. एका औषधाने तो हटत नाही, म्हणून दर चार आठवड्यांनी तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड, मधल्या दिवशी त्याच्या जोडीला दुसरं औषध आणि घरी रोज गोळ्या. कातडी साफ दिसायला लागली तरी पुढे नऊ महिने एकही फेरी चुकवायची नाही. यावर तुम्ही मान हलवली होतीत. मी पाहिलं आहे. माझी ही अकरावी फेरी झाली, तुमची पाचवी बुडाली.

इकडची बातमी म्हणाल तर शाळेच्या गणवेशांचा हंगाम जोरात आहे. युसूफ कापड बेततात, मी मशीनवर बसते. गेल्या आठवड्यात एक बाई माझे हात बघून कापड परत घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. तेव्हा मी पुठ्ठ्यावर लिहून दुकानाबाहेर लावलं: ‘मालकिणीला त्वचेचा आजार आहे. तो लागत नाही. ज्यांना लागेल असं वाटतं त्यांनी पुढच्या चौकात जावे. तिथे शिलाई महाग आहे आणि बाह्या लहान होतात.’ युसूफ म्हणाले, हे काढ. मी काढलं नाही. संध्याकाळपर्यंत एक गिऱ्हाईक वाचून हसत आत आलं, तीन जोड्यांचं माप देऊन गेलं.

उत्तर पाठवा. खरं लिहा.

तुमची,
खातून


सावंगा, ता. दिग्रस
२७ जून २००७

प्रिय खातून,

तुझं पत्र पोस्टमनने अंगणवाडीतच आणून दिलं. लेकरांना खिचडी वाढता वाढता वाचलं. काहून एवढी रागावतेस? मी बरी आहे. हे तू आधीच लिहून ठेवलंस, तरी खरंच बरी आहे.

तोंड पार स्वच्छ झालं. परवा भाकरीसोबत ठेचा खाल्ला, डोळ्यांत टिपूस नाही आला. पाठीवरचे डाग वाळले. चेहऱ्याची सूजही उतरली, आरशात जुनी मुक्ताई दिसते. गोळ्या चालू आहेत. मग एकवीस लेकरं सोडून एवढ्या दूर कशासाठी यायचं, असं मनात आलं. मदतनीस नवीन आहे. वजनं घेताना काटा शून्यावर आणायचं विसरते.

आणखी एक आनंदाची गोष्ट. शुभंकरचं लग्न ठरत आलं. मुलगी नागपूरची, अपेक्षा नाव, हिंजवडीला त्याच्याच कंपनीत आहे. मंडळी मोठी आहेत, वडील प्राध्यापक. दिवाळीनंतरचा मुहूर्त धरतील. अशा वेळी आईने दवाखान्याच्या फेऱ्या मारत पुण्यात कोणाच्या नजरेस पडू नये, एवढं तर मला कळतं. शुभंकर तसं बोलला नाही. पण तो माझा मुलगा आहे, बोलणार कसा? त्याच्या मनातलं मीच ओळखायचं.

लग्न झालं की येईन. तू तुझी काळजी घे. अर्शियाला आशीर्वाद.

तुझी,
मुक्ताई


भवानी पेठ, पुणे
८ जुलै २००७

मुक्ताई,

लग्नाबद्दल मनापासून मुबारक.

आता मुद्द्याचं. चेहऱ्याची सूज उतरली म्हणता. माझा चेहरा गेले अकरा महिने भाकरीसारखा गोल आहे, कारण मी स्टिरॉइड घेते. तुमच्या गोळ्या चालू असत्या तर तुमचाही तसाच राहिला असता. मे महिन्याच्या सुईला आला होतात तेव्हा होताच. म्हणजे गोळ्या तुम्ही त्यानंतर लगेच बंद केल्यात. मी शिलाईवाली आहे, डॉक्टर नाही, पण कपडा कुठे उसवलाय ते मला दुरून दिसतं.

फोड गेले म्हणजे आजार गेला असं नाही. मॅडमनी हे त्या दिवशी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा फक्त तुमच्याकडे बघून. औषध एकदम तोडलं की तो दुप्पट जोराने उठतो. दोन औषधांनी मिळून त्याला कसाबसा दाबून धरलाय आणि तुम्ही दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवताय.

राहिलं शुभंकरच्या मनातलं. तुम्ही ते त्याला न विचारता ओळखलंत. मुलाला न विचारता त्याची लाज तुम्हीच ठरवून टाकलीत. वॉर्डात त्याने तुमच्या पाठीला केळीची पानं लावली होती, चादर चिकटू नये म्हणून. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते शेजारच्या खाटेवरून मला दिसत होतं, तुम्ही पालथ्या होतात. लाज नव्हती.

एवढ्या स्पष्ट बोलण्याचा राग आला तर येऊ द्या. कातडी आपलीच आहे, मुक्ताई. ती प्राध्यापकांना दाखवण्यासाठी नाही, आपल्याला आत राहण्यासाठी आहे.

माझं छान चाललंय. बारावी फेरी झाली. हातावर एखाद-दुसरा फोड, बाकी काही नाही. तीस जुलैला खुर्ची धरून ठेवते.

तुमची,
खातून


सावंगा
१९ ऑगस्ट २००७

प्रिय खातून,

तीस जुलैला आले नाही, आणि पत्रही लिहिलं नाही. आता लिहिते आहे तर अक्षर वाकडं येईल. उजव्या हाताची तीन बोटं बांधलेली आहेत.

तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. गोळ्या मी दहा मेला, घरी पोचताच, बंद केल्या. डबी धान्याच्या कोठीत ठेवली, मलाच दिसू नये म्हणून.

जुलैच्या शेवटी टाळूला पहिला फोड आला. मी म्हटलं, ठेच्याने आला असेल. मग काखेत, मग पाठीवर. मी लांब बाह्यांचं पोलकं घालून अंगणवाडीत जात राहिले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, मी लेकरांच्या हातावर बुंदी ठेवत होते. मनगटावरचा फोड फुटला आणि पाणी एका पोराच्या तळहातावर सांडलं. त्याच्या आईने त्याचा हात धरून नळावर नेला आणि माती लावून घासला. सगळ्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी एकवीसपैकी दोन लेकरं आली.

संध्याकाळी सरपंच मच्छिंद्रभाऊ घरी आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. म्हणाले, बाई, तुम्ही आराम करा, मदतनीस सांभाळून घेईल. तेवीस वर्षं मी ती अंगणवाडी चालवली, खातून. त्यांच्या स्वतःच्या दोन पोरांना पहिलं अक्षर मी दाखवलं.

शेजारच्यांनी शुभंकरला फोन केला. तो आला. मी त्याला म्हटलं, तुझ्या लग्नात विघ्न नको म्हणून मी औषध सोडलं. तो म्हणाला, “आई, तू मला विचारलंस का?” तुझं पत्र त्याने वाचलेलं नाही, तरी शब्द तोच.

मग कळलं की अपेक्षाला फेब्रुवारीपासून माहीत आहे. वॉर्डात तांदळाची पातळ पेज घेऊन एक ‘ऑफिसमधली मैत्रीण’ यायची आठवते? चष्म्याची? तीच. मी तिच्या हातची पेज प्यायले आणि तिच्यापासूनच तोंड लपवत होते. तिने तिच्या वडिलांनाही केव्हाच सांगितलंय. ते म्हणाले, आजार आहे, गुन्हा नाही.

शुभंकरने कोठीतली डबी काढली. सत्तावीस ऑगस्टला मी येते. खुर्ची धर.

तुझी,
मुक्ताई


सावंगा
२६ ऑक्टोबर २००७

प्रिय खातून,

मी तिसरी सुई घेऊन काल परत आले. ऑगस्टमध्ये तू होतीस, सप्टेंबरमध्येही होतीस. या वेळी बावीस तारखेला तुझी खुर्ची रिकामी होती. अर्शिया येऊन कागदपत्रं घेऊन गेली. मी विचारलं तर म्हणाली, अम्मीला दिवाळीच्या कपड्यांची घाई आहे. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

आधी माझं सांगते, मग तुझ्याकडे येते.

दोन ऑक्टोबरला गावात ग्रामसभा होती. मी परचुरे मॅडमचं पत्र घेऊन गेले. अंगावर अजून पट्ट्या होत्या. मी आखूड बाह्यांचं पोलकं घालून गेले, मुद्दाम. पत्र वाचून दाखवलं. मग कोरा कागद मच्छिंद्रभाऊंसमोर ठेवला आणि म्हटलं, “मला काढायचं असेल तर यावर कारण लिहा आणि खाली सही करा. आराम करा असं तोंडी सांगू नका.” कागद हातोहात फिरला. पंचांनी वाचल्यासारखं केलं, कोऱ्या कागदावर काय वाचले देव जाणे. सही कोणी केली नाही. मी कागद घडी करून घेतला आणि तिथूनच जाऊन अंगणवाडीचं कुलूप उघडलं.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी गोदाबाई तिच्या नातवाला घेऊन आली. माझ्याशी तिचं पाण्यावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. म्हणाली, “माझ्या पोराला याच बाईने वाढवलं, त्याला काय झालं?” आज नऊ लेकरं आहेत.

आता तू. सप्टेंबरच्या सुईला मी शंकरपाळे आणले होते. तू म्हणालीस, रोजा आहे. मी मान्य केलं. गाडीत बसल्यावर आठवलं की भर दुपारी तू माझ्यासमोर चार गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या होत्यास, आणि त्या गिळताना खुर्चीचा दांडा धरला होतास. रोजा नव्हता, खातून. तुला गिळवत नव्हतं. आणि त्या उन्हात हातमोजे का घातले होतेस तेही मला विचारायचं आहे.

‘एखाद-दुसरा फोड’ किती आहेत ते लिही. खरं लिही.

तुझी,
मुक्ताई


भवानी पेठ, पुणे
२ नोव्हेंबर २००७

आदरणीय मुक्तामावशी,

तुमचं पत्र अम्मीने वाचलं आणि गादीखाली ठेवलं. उत्तर ती लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. तिला सांगू नका.

अम्मीच्या निम्म्या पाठीला कातडी उरलेली नाही. हातमोजे मीच आणले होते, आतून मलमाच्या पट्ट्या होत्या. पंधरा फेऱ्यांनीही फरक पडला नाही, तेव्हा परचुरे मॅडमनी दोन नवीन औषधं एकत्र द्यायचं ठरवलं आहे. मी फार्मसीला प्रवेश घेतलाय, म्हणून त्यांनी मला नीट समजावलं. चुकीचे हल्ले करणारं द्रव्य ज्या पेशींपासून तयार होतं, त्या पेशी पहिलं औषध संपवतं. त्यात अंगाची रोगाशी लढायची ताकदही जाते. म्हणून जोडीला दुसरं, निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेलं संरक्षक द्रव्य द्यायचं. स्टिरॉइड हळूहळू कमी करत न्यायचं. औषधाची सोय एका ट्रस्टने केली आहे. खाटसुद्धा ठेवली आहे.

अम्मी सही करत नाही. कारण मॅडमनी सांगितलं की त्यानंतर काही महिने जंतुसंसर्गापासून फार जपावं लागेल. दुकान नाही, गर्दी नाही, पाहुणे नाहीत, वेगळी खोली, वेगळी भांडी. हे ऐकल्यावर अम्मी उठून उभी राहिली. म्हणाली, “वर्षभर लोकांशी भांडले की मला वेगळं टाकू नका. आता तुम्हीच टाकणार?” आणि निघून आली. अब्बूंनी विनवलं, त्यांची बहीण, माझी फुप्पी, येऊन रडून गेली. ती मशीनवर बसून राहते, पण मशीन चालवत नाही.

मावशी, ती फक्त तुमचं ऐकेल असं मला वाटतं.

तुमची,
अर्शिया


सावंगा
७ नोव्हेंबर २००७

खातून,

तू सही केलेली नाहीस हे मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नकोस. हिंजवडीला माझा मुलगा आहे, पुण्यात माझे डोळे आहेत असं समज.

जुलैत तू मला जे पत्र लिहिलंस ते मी पोथीत ठेवलंय. त्यात तुझ्या पाठीबद्दल एक अक्षर नव्हतं. मला झापत होतीस तेव्हा स्वतः पालथी झोपत होतीस. तू खोटारडी आहेस. माझ्यापेक्षा जास्त, कारण माझं खोटं तू पकडू शकलीस एवढं कच्चं होतं.

वेगळ्या खोलीचं म्हणशील तर ऐक. त्या बाईने लेकराचा हात मातीने घासला, मच्छिंद्रभाऊ उंबऱ्याबाहेर उभे राहिले, तुझी गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली. ती दारं त्यांनी आपल्यावर लावली होती, बाहेरून. ही खोली तशी नाही. लोकांना तुझ्यापासून वाचवायला तुला आत ठेवणार नाहीत. लोकांच्या सर्दी-खोकल्यापासून तुला वाचवायला लोकांना बाहेर ठेवणार आहेत. कडी आतून आहे, खातून, आणि तुझ्या हातात आहे. कोणी यायला लागलं तर तू म्हणायचं, मागे हो, तुझ्यामुळे मला काही होईल. वर्षभर ऐकलेलं वाक्य त्यांनाच ऐकवायची अशी संधी तुझ्यासारखी बाई सोडते, याचंच मला नवल वाटून राहिलं.

भीती वाटत असेल तर भीती वाटते असं म्हण. मलाही वाटते. दर फेरीला मला वाटतं की या वेळी काळीज थांबेल. पण मानाचा प्रश्न करून भीती झाकू नकोस.

आता शेवटचं. एकोणीस तारखेला माझी पुढची सुई आहे. मी येणार, खुर्चीवर बसणार आणि हात पदराखाली ठेवणार. तुझी सही झाली आहे असं मॅडम सांगत नाहीत तोवर मी सुई टोचून घेणार नाही. दोन डिसेंबरला माझ्या मुलाचं लग्न आहे आणि अंगावर फोड घेऊन मी मांडवात उभी राहीन. मी पूर्वी एकदा औषध सोडलेलं आहे, म्हणजे सोडू शकते हे तुला माहीत आहे.

परवा दिवाळी आहे. मी फराळ पाठवणार नव्हते, तुला खाता येत नाही म्हणून. तरी पाठवते. युसूफभाई आणि अर्शिया खातील, तू बघ.

मुक्ताई


भवानी पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर २००७

मुक्ताई,

याला ब्लॅकमेल म्हणतात. शिक्षणखात्याच्या नाहीतर बालकल्याणच्या, ज्या कुठल्या खात्यात तुम्ही आहात, तिथे हे शिकवतात हे माहीत नव्हतं.

पत्र आलं तेव्हा मी फाडणार होते. बोटांना पट्ट्या होत्या, फाटलं नाही. मग दोनदा वाचलं. भीतीचं वाक्य युसूफना वाचून दाखवलं आणि म्हटलं, बाई खोटं बोलत नाही. ते रिक्षा आणायला गेले.

सही केली. मराठीत केली, मोठ्या अक्षरात. सोमवारी तुम्ही हात पदराबाहेर काढा.

परचुरे मॅडमना तुमचा बेत सांगितला. त्या म्हणाल्या, “दोघींनाही एकाच दिवशी झापायची माझ्यात ताकद नाही, एकेकीला बोलावते.” तुमची पाळी सोमवारी.

पुण्यातले तुमचे डोळे कोणाचे ते मला कळलं आहे. ते फार्मसी शिकतात.

खातून


भवानी पेठ, पुणे
१० जानेवारी २००८

मुक्ताई,

लग्नाचे फोटो पोचले. तुमच्या गळ्यावरचे डाग पदराखाली नाहीत हे मी पाहिलं. अपेक्षाचा चष्मा कुणी काढायला लावला नाही तेही बरं झालं.

आता माझी हकिगत, क्रमाने. पहिलं औषध सहा तास थेंबथेंब दिलं. तिसऱ्या थेंबाला थंडी भरली की काय असं वाटावं इतकी खाट हलली. सिस्टरने बाटली थांबवली, पुन्हा हळू सुरू केली. मी कलमा म्हणत होते आणि मध्येमध्ये तुम्हाला शिव्या देत होते, कोणतं किती कामी आलं ते सांगता येणार नाही. पंधरा दिवसांनी तेच पुन्हा. दुसऱ्या खेपेला खाट हलली नाही.

मधल्या दिवसांत दुसरं. ते पाण्यासारखंच दिसतं, किंचित फेसाळ. अर्शियाने सांगितलं की एकेका बाटलीत हजारभर माणसांच्या रक्तातला अंश असतो. मी बराच वेळ त्या नळीकडे बघत होते. आमच्या गल्लीतल्या बायका माझ्या हातून सुटे पैसे घेत नाहीत, आणि इथे हजार अनोळखी माणसं माझ्या हातात शिरत होती. त्यातल्या एकालाही विचारलं नसेल की हे कोणाला चाललंय. मी रडले. वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदा, आणि दुखत नव्हतं तेव्हा.

आता वरच्या मजल्यावरच्या खोलीत आहे. खिडकीतून रस्ता दिसतो. तुम्ही म्हणालात ते करून पाहिलं. फुप्पी शिंकत आली, मी आतून सांगितलं, तिथेच थांबा, तुमच्यामुळे मला काही होईल. तिचा चेहरा बघायला तुम्ही हव्या होतात.

पाठ अजून उघडीच आहे. मॅडम म्हणतात, दोन-तीन महिने धीर धरा. नवीन फोड मात्र आठ दिवसांत आला नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही, अर्शियालाही नाही. तुम्हाला सांगते.

खातून


सावंगा
३ मार्च २००८

प्रिय खातून,

शुभंकरने कळवलं की तुला फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस पुन्हा दवाखान्यात होतीस. सही करायला तुला मी भाग पाडलं. ते अकरा दिवस मी कसे काढले ते लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तुला काही झालं असतं तर मी तुझ्या लेकीसमोर कोणत्या तोंडाने उभी राहिले असते, हे एकच डोक्यात होतं. तुझा राग असेल तर तो तुझा हक्क आहे.

माझी कातडी मिटली आहे. सुया चालू आहेत, एकही चुकवली नाही. अंगणवाडीत एकोणीस लेकरं आहेत. दोन आया अजून पाठवत नाहीत. त्यांच्या घरी मी दर सोमवारी वजनकाटा घेऊन जाते, लेकराचं वजन दारातच घेते. त्या आत बोलवत नाहीत, मी जायचं थांबवत नाही.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
मुक्ताई


भवानी पेठ, पुणे
१६ जून २००८

मुक्ताई,

उत्तराला तीन महिने लागले कारण मनात राग आहे का ते मी तपासत होते. राग नाही, आधी ते लिहिते. न्यूमोनियात नाकाला नळी होती तेव्हा मला नक्की वाटलं होतं की संपलं. तेव्हाही असं वाटलं नाही की सही करायला नको होती. मशीनसमोर न चालवता बसून राहण्यापेक्षा हे बरं होतं. सही तुम्ही करवलीत हे खरं, पण अक्षर माझं होतं. त्यातला वाटा तुम्हाला देणार नाही.

पाठ एप्रिलच्या शेवटी मिटली. आधी कडा आत सरकल्या, मग मधे बेटं राहिली, मग एक दिवस अर्शिया पट्टी बदलायला आली आणि म्हणाली, अम्मी, पट्टी कुठे लावू? मेमध्ये मी पाठ टेकून झोपले. दीड वर्षानंतर. युसूफ उठून बसले, त्यांना वाटलं मला काही झालं.

डाग आहेत. काळे, नकाशासारखे. राहतील. स्टिरॉइड रोज अर्धी गोळी उरलंय, चेहरा पुन्हा माझ्यासारखा दिसतो, त्यामुळे सुरकुत्याही दिसायला लागल्या. हाडं ठिसूळ झालीत म्हणून कॅल्शियम चालू आहे. फुकट काही मिळालेलं नाही.

पहिल्या तारखेपासून खाली दुकानात बसते. हंगामाचे दिवस, बाया लेकरं घेऊन रांगेत. गेल्या वर्षी कापड परत घेऊन गेलेली पहिली बाई आली. माप द्यायला पोराला पुढे केलं आणि म्हणाली, तुमच्याइतक्या सरळ बाह्या कोणी लावत नाही. मी टेप त्याच्या खांद्यावर धरला. ती बघत होती, मी तिला बघू दिलं. वेळ घेऊन माप घेतलं, दोनदा.

परवा तपासणीला गेले होते. परचुरे मॅडमनी तोंड, पाठ, टाळू, सगळं पाहिलं. रिपोर्ट चांगले आहेत म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, “खातूनबाई, तुम्हाला खोटी आशा देणार नाही. हा आजार वर्षा-दोन वर्षांनी परत येऊ शकतो.”

मी म्हटलं, “येऊ दे. दुकान दहाला उघडतं. दुपारी एक ते चार बंद असतं, तेव्हा आला तर बाहेर थांबावं लागेल.”

तुमची,
खातून